नाइलाजाचे मत

पक्ष आपला वाटतो, पण पक्षाने उभा केलेला उमेदवार मनाला पटत नाही, आणि तरीही शेवटी त्याच्याच नावासमोरचे बटण दाबले जाते, अशा मताला नाइलाजाचे मत म्हणता येईल. बोलताना लोक ‘चिन्हाकडं बघून दिलं’ किंवा ‘दगडापेक्षा वीट मऊ’ असे सांगून मोकळे होतात. हे मत उदासीनतेतून आलेले नसते. उदासीन माणूस घरी बसतो. हा मतदार मे महिन्याच्या सोलापुरी उन्हात रांगेत उभा राहतो, आणि त्याने उमेदवाराच्या समर्थकापेक्षा कितीतरी जास्त विचार केलेला असतो.

या मताचे मूळ उमेदवारी ठरवण्याच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे उमेदवार कोण असावा हे पक्षाच्या मतदारांना विचारण्याची कायद्यात सोय नाही. इच्छुकांच्या मुलाखती होतात, शिष्टमंडळे मुंबई-दिल्लीला जाऊन येतात, आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत ज्याचा एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचे अधिकृत उमेदवारीचे पत्र, निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचतो तो अधिकृत उमेदवार होतो. मतदाराचा संबंध त्यानंतर सुरू होतो. त्यातच सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येत असल्याने आवडत्या पण दुबळ्या उमेदवाराला दिलेले मत वाया जाईल अशी धास्ती असते. मॉरिस द्युव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने ही धास्ती विसाव्या शतकाच्या मध्यात नेमकी मांडली. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने आणखी एक कारण पुरवले. सभागृहात पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकते, मग खासदाराच्या स्वभावापेक्षा त्याचा पक्ष पाहणे व्यवहाराला धरूनच आहे.

सोलापूर लोकसभा मतदारसंघात दोन मोठ्या पक्षांनी आपल्या मतदारांची परीक्षा अगदी उलट रीतीने घेतली. २००९ पासून ही जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. भाजपने २०१४ मध्ये शरद बनसोडे, २०१९ मध्ये जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी आणि २०२४ मध्ये माळशिरसचे आमदार राम सातपुते असे तीन निवडणुकांत तीन वेगळे चेहरे दिले. माळशिरस या लोकसभा मतदारसंघात येत नाही, त्यामुळे शेवटच्या वेळी ‘उपरा’ हा शब्द प्रचारात गाजला. काँग्रेसची उमेदवारी मात्र या साऱ्या काळात एकाच घरात राहिली: तीनदा सुशीलकुमार शिंदे, चौथ्यांदा त्यांच्या कन्या प्रणिती शिंदे. एका बाजूच्या मतदाराला ओळख नसलेला माणूस गिळावा लागला, दुसऱ्या बाजूच्या मतदाराला फारच ओळखीचे आडनाव. दोघांची कुरकुर खरी होती आणि दोघांनीही मोठ्या संख्येने चिन्ह सोडले नाही.

२०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर हा तिसरा पर्याय समोर होता. त्यांना सुमारे एक लाख सत्तर हजार मते पडली आणि शिंदे सुमारे एक लाख अठ्ठावन्न हजारांनी हरले. ती सगळी मते काँग्रेसचीच होती असे म्हणणे मतदारावर अन्याय करणारे ठरेल. पण ‘मत फुटलं’ ही चर्चा शहरात पुढे पाच वर्षे चालली, आणि २०२४ मध्ये लढत जवळपास सरळ झाल्यावर प्रणिती शिंदे सुमारे चौऱ्याहत्तर हजारांनी निवडून आल्या.

नाइलाज सर्वांत तीव्र झाला तो शहराच्या पूर्व भागात. यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या या वस्तीत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम, म्हणजे सर्वांचे आडम मास्तर, यांचा शब्द चालत आला. २००९ मध्ये शहर मध्य विधानसभेत त्यांना हरवले ते प्रणिती शिंदे यांनीच. २०२४ च्या लोकसभेला इंडिया आघाडीमुळे मास्तरांचा पक्ष प्रणिती यांच्याच पाठीशी उभा राहिला. ज्या बायांनी वर्षानुवर्षे विळा-हातोडा-तारा शोधून बटण दाबले, त्यांना आता हात शोधायचा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेला काँग्रेसने शहर मध्यमधून चेतन नरोटे यांना उभे केले, मास्तर वेगळे लढले आणि जागा भाजपचे देवेंद्र कोठे यांनी जिंकली. मन मारून दिलेल्या मताची परतफेड होईल अशी कामगारांची अपेक्षा गैर नव्हती. ती पुरी झाली नाही.

त्याच निवडणुकीत सोलापूर दक्षिणमध्ये महाविकास आघाडीचे अधिकृत उमेदवार उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे अमर पाटील होते. मतदानाच्या दिवशीच शिंदे पिता-कन्येने अपक्ष धर्मराज काडादी यांना पाठिंबा जाहीर केला. आघाडीचा धर्म म्हणून मशालीला मत द्यायला मनाची तयारी केलेल्या काँग्रेसच्या मतदाराची त्या दिवशी पुरती कोंडी झाली. भाजपचे सुभाष देशमुख निवडून आले.

या साऱ्याच्या अगदी उलट प्रथाही याच जिल्ह्यात आहे. सांगोल्याने शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख यांना अकरा वेळा विधानसभेत पाठवले. राज्यभर पक्ष आटत गेला, तरी तिथे माणूस पाहून मत पडत राहिले.

महापालिका निवडणुकीत नाइलाज चौपट होतो. २०१७ मध्ये सोलापुरात १०२ जागांसाठी प्रामुख्याने चार सदस्यांचे प्रभाग होते, म्हणजे एका मतदाराला चार मते द्यायची होती. कार्यकर्ते ‘पॅनेल टू पॅनेल’, म्हणजे पक्षाच्या चारही उमेदवारांना मत मागतात, पण चौघांतला एखादा नको असतोच. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात नगरसेवक फोन उचलतो की नाही याला पक्षाच्या विचारापेक्षा जास्त वजन असते, आणि ते योग्यच आहे. यंत्रासमोर मतदार अ, ब, क अशी तीन बटणे झरझर दाबतो आणि ‘ड’पाशी त्याचे बोट थांबते. चौथे मत नोंदल्याशिवाय मतदान पूर्ण झाल्याचा आवाज येत नाही. बाहेर एजंट, मागे रांग. तिथे तो पॅनेल मोडतो, नकोसा चौथा पत्करतो किंवा ‘नोटा’ दाबतो.

‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने मिळाला. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणला ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर राहिला, तरी निकालात त्याने फरक पडला नाही. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता नियम बदलला आणि ‘नोटा’ला सर्वाधिक मते मिळाल्यास त्या जागेची निवडणूक पुन्हा घेण्याची तरतूद केली. लोकसभा आणि विधानसभेच्या मतदाराला ती सोय नाही. तिथे कमळ, हात किंवा मशालीला पडलेल्या मतांत किती मते मनापासूनची आणि किती नाइलाजाची, हे मोजणीत कुठेच दिसत नाही, आणि विजयी उमेदवार सगळीच आपल्या नावावर जमा धरतो.