‘फर्स्ट टेक’ : सूत्रसंचालकाच्या खुर्चीचा प्रवास

मॉली केरिम यांनी सप्टेंबर २०२५मध्ये ‘फर्स्ट टेक’ सोडलं, तेव्हा त्या खुर्चीवर त्यांची दहा वर्षं भरली होती. ईएसपीएन या अमेरिकी क्रीडावाहिनीवरचा हा रोजचा क्रीडा-वादाचा कार्यक्रम न्यूयॉर्कच्या वेळेनुसार सकाळी दहाला लागतो, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. बहुतेक प्रेक्षक तो ओळखतात त्यात वाद घालणाऱ्या स्टीफन ए. स्मिथ यांच्या आवाजावरून. तो वाद वेळेत विषयावर आणणाऱ्या बाईंचं नाव नंतर आठवतं. असं का झालं, ते समजायला बावीस वर्षं मागे जावं लागतं.

ऑक्टोबर २००३मध्ये ईएसपीएनच्या दुसऱ्या वाहिनीवर, ईएसपीएन-२वर, ‘कोल्ड पिझ्झा’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. न्यूयॉर्कहून होणारा, सकाळच्या चहाबरोबर बघायचा. खेळाच्या बातम्या होत्याच, शिवाय गप्पा, मुलाखती, करमणूक. जे क्रॉफर्ड आणि किट हूवर हे त्याचे सुरुवातीचे निवेदक. कार्यक्रम फारसा जमला नाही. २००४मध्ये त्यात वादाचं एक छोटं सदर आलं : ‘फर्स्ट अँड टेन’. (अमेरिकी फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात, त्यातल्या पहिल्या प्रयत्नाची ही घोषणा.) स्किप बेलेस आणि वुडी पेज, दोघेही वर्तमानपत्रांतले मुरलेले स्तंभलेखक, समोरासमोर बसले. पुढे या सदरानेच अख्खा कार्यक्रम गिळला.

ही कल्पना आकाशातून पडली नव्हती. ऑक्टोबर २००१मध्ये ‘पार्डन द इंटरप्शन’ सुरू झाला होता. टोनी कॉर्नहायझर आणि मायकेल विल्बॉन हे ‘वॉशिंग्टन पोस्ट’मधले सहकारी, कचेरीतली त्यांची रोजची वादावादीच पडद्यावर आली. वर्षभराने ‘अराउंड द हॉर्न’ आला. त्यात वेगवेगळ्या शहरांतले चार पत्रकार वाद घालत, आणि सूत्रसंचालक त्यांना गुण देई, गुण कापी, प्रसंगी आवाजच बंद करी. पहिला सूत्रसंचालक मॅक्स केलरमन. २००४च्या सुरुवातीला तो गेला आणि टोनी रिआली आला, तो थेट मे २०२५मध्ये कार्यक्रम बंद होईपर्यंत राहिला. एकवीस वर्षं एक माणूस टिकला, याचं कारण मला स्वच्छ दिसतं : तिथे सूत्रं खरोखर सूत्रसंचालकाच्या हाती होती.

‘फर्स्ट टेक’मध्ये ती कधीच नव्हती. मे २००७मध्ये ‘कोल्ड पिझ्झा’चं नाव बदलून ‘फर्स्ट टेक’ झालं, आणि कार्यक्रम ईएसपीएनच्या मुख्यालयात, कनेटिकटमधल्या ब्रिस्टलला गेला. २०११मध्ये निर्माते जेमी होरोविट्झ यांनी इतर सगळं छाटून निव्वळ वाद ठेवला. योगायोगाने त्याच मोसमात डेन्व्हर ब्रॉन्कोस या अमेरिकी फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक (संघाची चढाई चालवणारा खेळाडू) टिम टीबो शेवटच्या मिनिटांत सामने जिंकून देत होता. बेलेस त्याचे कट्टर पाठीराखे. एकाच खेळाडूवर दिवसामागून दिवस वाद झडला, आणि प्रेक्षक वाढले. २०१२मध्ये स्मिथ बेलेस यांच्यासमोर कायमचे बसले, आणि मध्ये सूत्रसंचालक म्हणून आल्या कॅरी चॅम्पियन.

चॅम्पियन आणि त्यांच्यानंतर २०१५मध्ये आलेल्या केरिम, दोघींच्या कामाला मिळायला हवं होतं तेवढं श्रेय मिळालं नाही, असं मला मनापासून वाटतं. दोन चढे आवाज, थेट प्रक्षेपण, वेळेचं बंधन. विषय मांडायचा, भरकटला तर ओढून आणायचा, आणि स्वतःचं मत मात्र जवळजवळ गिळायचं. वादाची किंमतही मोजावी लागली. डिसेंबर २०१२मध्ये पॅनेलवरच्या रॉब पार्कर यांनी क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन तिसरा याच्या ‘कृष्णवर्णीयपणा’वर शंका घेतली; ते निलंबित झाले, पुढे करारही वाढला नाही. जुलै २०१४मध्ये कौटुंबिक हिंसाचारावरच्या वक्तव्यासाठी खुद्द स्मिथ यांना आठवडाभर बाहेर बसावं लागलं.

२०१६मध्ये बेलेस फॉक्स या प्रतिस्पर्धी वाहिनीकडे गेले. त्यांच्या जागी आला तोच मॅक्स केलरमन, जो कधीकाळी ‘अराउंड द हॉर्न’मध्ये इतरांचे आवाज बंद करत होता. जानेवारी २०१७मध्ये कार्यक्रम ईएसपीएनच्या मुख्य वाहिनीवर आला, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला परतला. २०२१मध्ये केलरमनही बाहेर पडला, आणि आपल्यालाच हा बदल हवा होता हे स्मिथ यांनी नंतर उघडपणे सांगितलं. समोरची खुर्ची मग कुणा एकाची राहिली नाही. पाहुणे आळीपाळीने येऊ लागले. त्यांत टिम टीबोही होता.

मार्च २०२५मध्ये स्मिथ यांच्या नव्या कराराची बातमी आली : पाच वर्षं, किमान दहा कोटी डॉलर. सहा महिन्यांनी केरिम गेल्या. काही आठवडे बदली निवेदकांनी काम सांभाळलं, आणि नोव्हेंबरमध्ये त्या खुर्चीसाठी शे कॉर्नेट यांचं नाव जाहीर झालं.