लीड्स पॅरिश, व्हिक्टोरियन काळातील

इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातील लीड्स या गिरणीशहराचे सेंट पीटर चर्च आणि त्याच्या अखत्यारीतील विस्तीर्ण पॅरिश. औद्योगिक क्रांतीने फुगलेल्या शहरात मध्ययुगीन धर्मव्यवस्था कशी अपुरी पडली आणि ती सावरताना काय काय सोडावे लागले, हे समजून घेण्यासाठी लीड्सइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडते. सर्वसाधारणपणे हा काळ व्हिकर (पॅरिशचे मुख्य धर्मगुरू) वॉल्टर फारक्वार हुक (१७९८–१८७५) यांच्या नावाने ओळखला जातो. ते १८३७ मध्ये, व्हिक्टोरिया गादीवर आली त्याच वर्षी, येथे आले आणि १८५९ पर्यंत राहिले.

लीड्स ही कायद्याने एकच पॅरिश, म्हणजे एका मूळ चर्चच्या ताब्यातील प्रदेश, होती. हनस्लेट, होल्बेक, आर्मली, ब्रॅम्ली, बीस्टन, हेडिंग्ले अशी आसपासची गावे तिच्यातच मोडत. लोकरीच्या व लिननच्या गिरण्यांमुळे १८०१ मध्ये सुमारे ५३,००० असलेली वस्ती १८४१ पर्यंत दीड लाखावर गेली. व्हिकर मात्र एकच. बाहेरच्या गावांत उपचर्चे होती, पण विवाह व दफन यांचे हक्क आणि त्यांची दक्षिणा बव्हंशी मूळ चर्चकडेच. जी चर्चे होती त्यांतली चांगली बाकेही भाड्याने दिलेली असत. मजुराने रविवारी आत यायचेच ठरवले, तरी बसायला जागा मिळेल याची शाश्वती नव्हती. मग मेथडिस्ट, बॅप्टिस्ट व युनिटेरियन या अधिकृत अँग्लिकन चर्चबाहेरील पंथांची प्रार्थनाघरे भरली यात नवल नाही. लीड्सचा खरा प्रस्थापित धर्म मेथडिझम आहे, असे खुद्द हुक यांनीच आल्या आल्या लिहून ठेवले.

या पंथांशी चर्चचा जो तंटा चाले, त्याचे मुख्य कारण चर्चपट्टी. चर्चच्या डागडुजीसाठी पॅरिशमधील प्रत्येक घरधारकाकडून, मग तो कोणत्याही पंथाचा असो, ही पट्टी वसूल करता येई. परंतु तिला पॅरिशसभेची मंजुरी लागे आणि चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चचा खर्च व मालमत्ता पाहणारे कारभारी, हेही याच सभेत निवडले जात. परिणामी पट्टीच्या विरोधकांनी सभेत बहुमत मिळवून आपलेच वॉर्डन बसवले. त्यांचा कार्यक्रम साधा होता: खर्च करू द्यायचा नाही. सभा चर्चमध्येच भरे आणि लोक प्रभुभोजनाच्या मेजावर टोप्या-कोट टाकून खुशाल बसत. हुक यांनी पहिल्याच अशा सभेत चर्चच्या किल्ल्या आपल्या खिशात घातल्या आणि यापुढे येथे सभा होणार नाही असे बजावले. पट्टी मात्र त्यांना पुढे मिळाली नाही. सक्तीची चर्चपट्टी देशभरात १८६८ मध्ये रद्द झाली, लीड्समध्ये ती त्याआधीच मोडीत निघाली होती. गंमत अशी, की १८४० च्या दशकात चार्टिस्ट कार्यकर्ते वॉर्डन म्हणून निवडून आले तेव्हा हुक यांचे त्यांच्याशी उत्तम जमले. कामगारांना मताधिकार मागणारी ही माणसे त्यांना आधीच्या वॉर्डनांपेक्षा सरळ व प्रामाणिक वाटली.

पट्टी नसताना हुक यांनी वर्गणीवर जुने चर्च पाडून नवे बांधले. वास्तुविशारद रॉबर्ट डेनिस चँट्रेल यांनी उभारलेल्या या गॉथिक इमारतीचे समर्पण २ सप्टेंबर १८४१ रोजी झाले. जुना मनोरा उतरवताना भिंतीत अँग्लो-सॅक्सन काळातील कोरीव क्रूसाचे तुकडे सापडले. चँट्रेल यांनी ते स्वतःच्या बागेत नेऊन ठेवले! पुढे तो क्रूस परत मिळवण्यात आला आणि आज चर्चमध्येच उभा आहे. नव्या चर्चमध्ये रोज गायनासह उपासना सुरू झाली. त्यासाठी १८४२ मध्ये सॅम्युअल सेबॅस्टियन वेस्ली यांच्यासारखा नामांकित ऑर्गनवादक व संगीतकार आणला गेला. गिरणीशहरात कॅथीड्रलच्या थाटाचे संगीत हा अनेकांच्या दृष्टीने उधळेपणा होता.

हुक यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे १८४४ चा लीड्स व्हिकरेज कायदा. अवाढव्य पॅरिशचे तुकडे करून प्रत्येकाला स्वतंत्र व्हिकर देण्याची तरतूद त्यात होती. तळमजल्यावरील बाके विनाभाडे असली पाहिजेत अशी अटही होती. यासाठी त्यांनी स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा वाटा व हक्क सोडले. अधिकार वाढवण्यासाठी कायदे करून घेणारे धर्माधिकारी पुष्कळ, स्वतःचा अधिकार कमी करून घेणारा विरळाच. त्यांच्या कारकिर्दीत पॅरिशमधील चर्चे १५ वरून ३६ वर आणि शाळा ३ वरून ३० वर गेल्या. शिक्षणाबाबत मात्र त्यांनी स्वपक्षीयांना धक्का दिला: सरकारने सर्वांसाठी शाळा चालवाव्यात आणि धर्मशिक्षण प्रत्येक पंथाने वेगळे द्यावे, असे मत त्यांनी १८४६ च्या पत्रकात मांडले. गिरण्यांतील कामाचे तास दहावर आणण्याच्या चळवळीलाही त्यांचा पाठिंबा होता.

त्यांना सर्वाधिक मनस्ताप दिला तो मित्रांनी. अँग्लिकन चर्चमध्ये जुन्या कॅथलिक परंपरा पुन्हा आणू पाहणाऱ्या ऑक्सफर्ड चळवळीचे अग्रणी एडवर्ड पुसी यांनी गुप्त देणगीतून कामगारवस्तीत सेंट सेव्हियर्स चर्च बांधले. ‘हे चर्च बांधणाऱ्या पाप्यासाठी प्रार्थना करा’ अशा अर्थाच्या कोरीव लेखावरून तेथील बिशप लाँग्ली यांना शंका आल्या. देणगीदार मृत असेल तर ही मृतांसाठीची प्रार्थना ठरत होती, आणि ती रोमन कॅथलिक प्रथा मानली जाई. समर्पण २८ ऑक्टोबर १८४५ रोजी झाले, याच चळवळीचे नेते न्यूमन रोमन कॅथलिक झाल्यावर जेमतेम तीन आठवड्यांनी. पुढे सेंट सेव्हियर्सचे बरेच धर्मगुरूही त्याच वाटेने गेले आणि हुक व पुसी यांचे संबंध तुटले. तरीही १८४९ च्या कॉलऱ्यात याच धर्मगुरूंनी रोग्यांच्या खोल्यांत जाऊन शुश्रूषा केली, हे विसरता येत नाही. याच चळवळीच्या मुशीतून १८६६ मध्ये काउली फादर्स हा अँग्लिकन धर्मगुरूंचा संघ निघाला. पुण्यातील पंचहौद मिशन त्यांचेच. १८९० मध्ये तेथे चहा घेतल्यावरून टिळक-रानडे यांच्यावर वादळ उठले होते.

मृत्यूच्या व्यवस्थेतही चर्चची मक्तेदारी सुटत गेली. चर्चभोवतालच्या दफनभूमी ओसंडू लागल्याने नगरपालिकेने बेकेट स्ट्रीट येथे १८४५ मध्ये दफनभूमी सुरू केली. तिचा एक भाग अँग्लिकनांसाठी, दुसरा इतरांसाठी, प्रार्थनागृहेही दोन. स्वतःची कबर न परवडणाऱ्यांसाठी ‘गिनी कबरी’ असत. एका गिनीत (एकवीस शिलिंगांत) सामाईक दगडावर मृताचे नाव कोरले जाई आणि परस्परांशी काही संबंध नसलेली माणसे एकाच खड्ड्यात, एकाच दगडाखाली येत. बेवारस पुरले जाण्याची लाज टाळण्यासाठी गरीब घरे ही रक्कम पोटाला चिमटा घेऊन जमवत.

हुक १८५९ मध्ये चिचेस्टर कॅथीड्रलचे डीन (प्रमुख धर्मगुरू) झाले. त्यांच्यानंतरचे ॲटले, वुडफर्ड व गॉट हे तिघेही व्हिकर पुढे बिशप झाले आणि लीड्स हे तरुण धर्मगुरूंचे शिक्षणकेंद्र बनले. गॉट यांनी १८७६ मध्ये त्यासाठी वेगळी पाठशाळाच काढली. सिटी स्क्वेअरमध्ये हुक यांचा पुतळा आहे. त्याच चौकात युनिटेरियन धर्मोपदेशक व शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांचाही आहे. सेंट पीटर चर्चला २०१२ मध्ये ‘मिन्स्टर’ हा महत्त्वाच्या चर्चला दिला जाणारा सन्मानाचा दर्जा मिळाला.