तिसरा ब्रेकलाईट आला कुठून, आणि ब्रेकलाईटचे बिघाड असेच का होतात : थोडी पार्श्वभूमी

मागच्या काचेतला तिसरा ब्रेकलाईट गेला तरी खालचे दोन पेटतात ना, मग झालं, असं म्हणून तसंच गाडी चालवणारे आपल्याकडे भरपूर आहेत. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे, तिन्हींत मधलाच सगळ्यात कामाचा, कारण त्याला दुसरं कुठलं कामच नाही. खालचे लाल दिवे रात्री टेललाईट म्हणून आधीच मंद पेटलेले असतात, त्यामुळे मागच्या ड्रायव्हरला नुसतं लाल दिसून उपयोग नाही, लाल वाढलाय का हे ओळखावं लागतं. मधला पेटला म्हणजे ब्रेकच, दुसरा अर्थ नाही.

फार मागे जाण्यात अर्थ नाही. सुरुवातीला हातानेच इशारा द्यायचे, आणि आपल्या १९८९च्या रस्त्याच्या नियमांतही वेग कमी करताना उजवा हात बाहेर काढून खालीवर हलवायचा हे लिहिलेलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मागे एकच दिवा यायला लागला, काहींच्या काचेवर ‘स्टॉप’ असं लिहिलेलं असायचं. रंग लालच पाहिजे असंही तेव्हा सगळीकडे ठरलेलं नव्हतं. १९२०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या काही राज्यांनी तो सक्तीचा केला, मग हळूहळू एकाचे दोन झाले.

आज गॅरेजमध्ये जे बिघाड येतात त्यातले बरेचसे मधल्या काळात घेतलेल्या दोन निर्णयांतून आलेत. पहिला म्हणजे टेल आणि ब्रेक एकाच बल्बमध्ये घालायचा. हाच आपला डबल कॉन्टॅक्ट बल्ब, आत ५ वॅटची तार टेलची आणि २१ वॅटची ब्रेकची, आणि अर्थिंग, म्हणजे करंट परत जायचा रस्ता, दोघींना मिळून एकच. त्याच्या बाजूच्या दोन पिना मुद्दाम वरखाली ठेवलेल्या असतात म्हणजे उलटा बसू नये, पण दाबून उलटा बसवणारे असतातच, मग टेल भगभगीत आणि ब्रेक दाबला की उजेड मंद असा उलटा प्रकार होतो. अर्थिंग गेलं तर आणखी विचित्र. होल्डरला गंज चढला, बॉडीला जोडलेली अर्थची वायर सैल झाली की ब्रेकच्या तारेतून आलेला करंट परत जायला दुसरा रस्ता शोधतो आणि टेलच्या तारेतून उलटा शिरतो, त्यामुळे ब्रेक दाबला की टेल, नंबरप्लेटचा दिवा, कधीकधी पुढचे पार्किंगचे दिवेसुद्धा मिणमिणतात, किंवा इंडिकेटर लावला की ब्रेकलाईट त्याच्याबरोबर उघडझाप करतो. लोक बल्बवर बल्ब बदलत बसतात. आधी होल्डर घासून साफ करा, एक वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हवरून आणून होल्डरच्या अर्थला टेकवून बघा, दिवे सुधारले तर दोष सापडला.

दुसरा निर्णय स्विचचा. जुन्या बऱ्याच गाड्यांत, बीटल हे माहितीतलं उदाहरण, ब्रेक ऑइलच्या प्रेशरवर चालणारा स्विच असायचा. प्रेशर तयार झाल्याशिवाय दिवा नाही, म्हणजे पाय नुसता टेकवला तर मागच्याला काही कळत नाही, शिवाय स्विच जुना झाला की ऑइल झिरपायचं. म्हणून स्विच पेडलवर आला. पेडल वर असताना ते स्विचचं बटण आत दाबून धरतं आणि सर्किट तुटलेलं राहतं, पाय ठेवला की बटण बाहेर येतं आणि दिवा लागतो. बॅटरी, फ्यूज, स्विच, बल्ब, अर्थ, बस एवढंच, बऱ्याच गाड्यांत तर चावी न लावताही पेटतो.

पण ते बटण ज्याच्यावर टेकतं तो पेडलच्या पट्टीच्या भोकात बसवलेला प्लॅस्टिकचा छोटा स्टॉपर असतो, विशेषतः जपानी आणि कोरियन गाड्यांत, आणि वय झालं की त्याचा भुगा होतो. मग बटण भोकातून आरपार जातं, गाडीला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे, रात्रभर तिन्ही दिवे चालू आणि सकाळी बॅटरी डाउन. ड्रायव्हरच्या पायाशी प्लॅस्टिकचे तुकडे पडलेले दिसले तर दुसरं काही उघडायच्या आधी तिथे वाकून बघा. किरकोळ किमतीचा तुकडा आहे, आणि त्याच्यापायी लोकांनी नव्या बॅटऱ्या घेतल्यात. उलट तिन्ही दिवे एकदम बंद असतील तर बल्बला हात लावू नका, तीन बल्ब एकाच दिवशी सहसा जात नाहीत, फ्यूज नाहीतर स्विच बघा. फ्यूज जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याचाच टाका, आणि परत उडाला तर मोठा टाकू नका, कुठेतरी वायर शॉर्ट आहे, बरेचदा डिकीच्या झाकणाकडे जाणारी, जी उघडझाप होऊन होऊन आतून तुटते. एकटा तिसरा दिवा जाण्याचं कारणही बऱ्याच गाड्यांत तीच वायर.

आता तिसऱ्या दिव्याकडे येतो, कारण खरं भांडण त्याच्यावरून झालंय. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ३४३ टॅक्सींना मागे मधोमध एक जादा दिवा बसवला, १६० टॅक्सी तुलनेसाठी तशाच ठेवल्या. दहा महिन्यांनी दिवा असलेल्या टॅक्सींना मागून धडक बसायचं प्रमाण ६०.६ टक्के कमी निघालं. हा आकडा पुढे सगळीकडे फिरला पण एक गोष्ट बहुतेक ठिकाणी गळते. तो दिवा लाल नव्हता, पिवळा होता, आणि ब्रेक जितका जोरात तितका भराभर लुकलुकणारा होता. आज आपल्या काचेत आहे तो स्थिर लाल, म्हणजे वेगळीच चीज. त्यानंतर वॉशिंग्टनमध्ये दोन हजारांवर टॅक्सी घेऊन नीट तुलना केली, काहींना मधोमध वर एक लाल दिवा, काहींना वर दोन, काहींचे टेल आणि ब्रेक वेगळे केलेले, काही जशाच्या तशा. त्यात वरच्या एका स्थिर लाल दिव्याने ब्रेक मारताना मागून बसणाऱ्या धडका निम्म्याच्या आसपास कमी झाल्या, म्हणून तो निवडला गेला. लुकलुकणारा मागे पडला.

सप्टेंबर १९८५पासून अमेरिकेत नव्या कारना तो सक्तीचा झाला, पिकअप वगैरे हलक्या ट्रकना १९९३ मध्ये. आणि मग फायदा घसरायला लागला. १९८७ मध्ये मागून होणाऱ्या धडका ८.५ टक्के कमी, १९८९ ते १९९५ मध्ये फक्त ४.३ टक्के. विरोधकांनी हे धरून ठेवलं, निम्म्याचं सांगून चार टक्क्यांवर आणलंत म्हणाले. चार टॅक्सींनाच वेगळा दिवा असेल तर लोकांची नजर तिकडे जाणारच, सगळ्यांना आला की नवलाई संपते, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण १९९८च्या अमेरिकन सरकारी अहवालातच पुढे लिहिलंय की सगळ्या कार आणि हलक्या ट्रकवर हा दिवा आला की पोलिसात नोंद होणारे ९२ हजार ते १ लाख ३७ हजार अपघात दरवर्षी टळतील, ५८ ते ७० हजार लोकांच्या जखमा टळतील. एका बल्बच्या आणि थोड्या वायरच्या खर्चात. मला तरी यात वाद घालण्यासारखं काही दिसत नाही. युरोपने सक्ती करायला १९९८ उजाडवलं, आणि आपल्याकडे तर कितीतरी वर्षं हा दिवा बेस व्हेरिएंटमध्ये नसायचाच, वरच्या व्हेरिएंटचं फीचर म्हणून विकला गेला, हे चुकीचंच होतं.

मागे पडलेली लुकलुकायची कल्पना युरोपमध्ये परत आली. तिथल्या नियमांत आता ताशी ५० किलोमीटरच्या वर असताना कचकन ब्रेक मारला तर दिवे सेकंदाला साधारण चार वेळा लुकलुकायला परवानगी आहे. फक्त कचकन मारला तरच, हे महत्त्वाचं आहे. आपल्याकडे दुकानातून लावून घेतात ते प्रत्येक ब्रेकला लुकलुकणारे एलईडी सिग्नलवर मागच्याला नुसता त्रास देतात आणि खऱ्या वेळी त्यांना काही किंमत उरत नाही. मुळात एलईडी चांगलाच आहे, साध्या बल्बची तार तापून पूर्ण पेटायला सेकंदाचा पाचवा भाग जास्त घेते, ताशी ८० च्या वेगात तेवढ्यात मागची गाडी साधारण साडेचार मीटर पुढे येते. पण साध्या बल्बच्या जागी स्वस्तातला एलईडी टाकला की टेल आणि ब्रेकच्या उजेडात फरकच राहत नाही, आणि काही गाड्यांत करंट कमी लागतो म्हणून डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची वॉर्निंग कायम पेटते.

दरम्यान पेडलच्या स्विचवर इतकी कामं येऊन पडली की तो बिघडला की ऑटोमॅटिक गाडीचा गिअर पार्कमधून निघत नाही, क्रूझ, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखायची सोय, लागत नाही. २०१३ मध्ये एका कोरियन कंपनीने याच स्विचसाठी अमेरिकेत दहा लाखांवर गाड्या परत बोलावल्या, पुढच्या वर्षी एका अमेरिकन कंपनीने वायरिंगच्या जोडाला गंज लागतो म्हणून चोवीस लाखांच्या आसपास.

आणि इलेक्ट्रिक गाड्यांत तर ब्रेकच्या पेडलला बरेचदा पायच लागत नाही. ॲक्सिलरेटर सोडला की मोटरच गाडी आवरते, मग दिवा कशाच्या जोरावर लावायचा? युरोपच्या नियमात पूर्वी ॲक्सिलरेटर पूर्ण सुटल्याशिवाय दिव्याची सक्ती नव्हती, त्यामुळे काही गाड्या चांगल्या जोरात वेग कमी करायच्या आणि मागे अंधार, २०२३ मध्ये अमेरिकेतही यावर तक्रारी झाल्या आणि एका कोरियन कंपनीला सॉफ्टवेअर बदलावं लागलं. आता युरोपात वेग दर सेकंदाला १.३ मीटर प्रतिसेकंदापेक्षा जास्त घटत असेल तर दिवा लागलाच पाहिजे, ०.७ पर्यंत लावायचा नाही, मधल्या पट्ट्यात कंपनीच्या मर्जीवर. इलेक्ट्रिक गाडी घेतली असेल तर रात्री रिकाम्या रस्त्यावर कुणालातरी मागून यायला सांगा, पाय हळूहळू उचला, आणि दिवा नेमका कधी लागतो ते त्याला विचारा, कारण हे गाडीगाडीत वेगळं असतं.