मूकपटांतील माणसे खरोखरच भरभर चालत होती का?

"जुने कॅमेरे सदोष होते, म्हणून मूकपटांतील माणसे पळाल्यासारखी, झटके देत चालतात," हा समज वर्षानुवर्षे पुढे पाठवला जात आहे. तो सहज पटतो, कारण आपण ते चित्रपट तसेच पाहत आलो; परंतु बहुतेक वेळा दोष कॅमेऱ्याचा नसून नंतरच्या प्रक्षेपणाचा असतो.

त्या काळी कॅमेरामन हाताने दांडी फिरवून चित्रण करी आणि सेकंदाला साधारण १६ ते २० फ्रेम, म्हणजे सुटी स्थिरचित्रे, टिपल्या जात. बोलपट आल्यावर आवाज स्थिर राहावा म्हणून हा वेग २४ फ्रेमवर पक्का झाला आणि जुन्या फितीही त्याच वेगाने दाखवल्या जाऊ लागल्या. ३५ मिलिमीटरच्या एक फूट फितीत १६ फ्रेम असतात, म्हणजे १,००० फुटांच्या रिळात १६,०००. सेकंदाला १६ फ्रेमने ते रीळ १६ मिनिटे ४० सेकंद चालते, तर २४ ने अवघ्या ११ मिनिटांत संपते. १९१० च्या सुमारास एका रिळात संपूर्ण करुण कथा सांगणाऱ्या लघुनाट्यांवर याने मोठाच अन्याय झाला. आईचा संथ हुंदका हास्यास्पद ठरला.

विनोदी प्रसंग मात्र पुष्कळदा मुद्दाम दांडी हळू फिरवून, म्हणजे सेकंदाला कमी फ्रेम घेऊन, टिपले जात, जेणेकरून ते पडद्यावर भरभर दिसावेत, हेही खरे.

पडताळण्यासाठी अशी भरभर चालणारी प्रत मोबाइलवर ०.७५ वेगाने लावावी आणि चालणाऱ्यांची पावले किंवा पडणारे पाणी स्वाभाविक वाटते का, ते पाहावे.