'एक्स्टेम्पोर' भाषण: एका शब्दाची पार्श्वभूमी

लिहिलेले वाचणे, पाठ केलेले म्हणणे, मुद्द्यांवरून बोलणे आणि आयत्या वेळी सुचेल ते बोलणे हे भाषणाचे चार मार्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत. इंग्रजी, विशेषतः अमेरिकी पाठ्यपुस्तके तिसऱ्या मार्गाला 'एक्स्टेम्पोर' म्हणतात. आपण मात्र तोच शब्द, किंवा त्याचे 'उत्स्फूर्त' हे मराठी रूप, सर्रास चौथ्यासाठी वापरतो.

शब्दाच्या मुळाकडे पाहिले तर चूक आपली नाही. लॅटिनमध्ये 'एक्स तेंपोरे' म्हणजे त्या क्षणातून, आयत्या वेळी. रोमन शिक्षकांनी वक्त्याच्या कामाचे पाच भाग केले होते: मुद्दे शोधणे, रचना, भाषा, स्मरण आणि सादरीकरण. आयत्या वेळी बोलता येणे हे या अभ्यासाचे सर्वांत मोठे फळ मानले जाई. त्या विशिष्ट भाषणाची तयारी नसे, पण मागे अनेक वर्षांचा सराव असे.

अर्थ सरकलेला दिसतो तो पुढे, चर्चमधल्या प्रवचनांच्या वादात. प्रवचन कागदावरून वाचावे की नाही, असा तो वाद होता. न वाचणारा तो एक्स्टेम्पोर, मग त्याने आठवडाभर तयारी केलेली का असेना! 'लिहिलेले नाही' आणि 'ठरवलेले नाही' या दोन वेगळ्या गोष्टी इथे एकाच शब्दात शिरल्या, त्या अजून बाहेर पडलेल्या नाहीत.

दरम्यान 18व्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये उच्चार आणि हावभाव शिकवण्याची लाट आली. 1806 साली तर हातांच्या हालचालींसाठी स्वतंत्र चिन्हलिपीच छापली गेली. त्यातला दोष उघड आहे. बोलताना हात बहुधा शब्दाच्या किंचित आधी किंवा शब्दाबरोबर उठतो. पाठ केलेला हात शब्दानंतर उठतो आणि भाषण नाटकी वाटते.

1914 मध्ये अमेरिकेत 17 शिक्षकांनी इंग्रजीच्या अध्यापकांपासून वेगळे होऊन भाषणकलेची स्वतंत्र संघटना काढली. पाठ्यपुस्तकांत पुढे रूढ झालेल्या विभागणीत आयत्या वेळचे भाषण ते 'इम्प्रॉम्प्टु' आणि तयारीचे, पण शब्द न ठरवलेले ते 'एक्स्टेम्पोर'. तिथल्या स्पर्धांनी मात्र मधलीच वाट धरली: विषय मिळाल्यावर 30 मिनिटे तयारी, मग 7 मिनिटे भाषण. नाव काहीही द्या, शिकण्यासारखा मार्ग तिसराच, मुद्द्यांवरून बोलण्याचा. पहिले आणि शेवटचे वाक्य पूर्ण लिहावे, मधल्या भागासाठी कार्डावर पाच-सात शब्द पुरतात. तीनदा मोठ्याने सराव करावा आणि दर वेळी वाक्ये बदलू द्यावीत. कार्डावर अख्खी वाक्ये लिहिली की नजर तिथेच अडकते, आवाज सपाट होतो. पाठांतरात त्याहून वाईट घडते. एक शब्द निसटला की पुढची साखळीच तुटते.

ही बोलकी शैली मोठ्या सभेत शक्य झाली ती ध्वनिवर्धकामुळे. 1919 मध्ये सॅन दिएगोत अमेरिकी राष्ट्राध्यक्ष सुमारे 50 हजार लोकांपुढे ध्वनिवर्धकावरून बोलले. त्याआधी एवढ्या गर्दीत वाक्ये तोडून, स्वर लांबवून ओरडण्याला पर्याय नव्हता. माइकने ओरडणे संपवले, नव्या अडचणी आणल्या. तोंडापासूनचे अंतर दुप्पट झाले की थेट आवाज साधारण 6 डेसिबलने पडतो, म्हणून मान वळवली की शब्द गळतात. फार जवळ गेले तर 'प', 'फ', 'भ' यांचा झोत माइकवर फटकन आदळतो. वीतभर अंतर ठेवून माइक ओठांच्या थोडा बाजूला धरला की बरेच काम होते.

1950च्या सुमारास दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत टेलिप्रॉम्प्टर, म्हणजे वक्त्याच्या नजरेसमोर मजकूर सरकवणारे यंत्र, आला आणि वाचलेले भाषण न वाचल्यासारखे दिसू लागले. काचेवर ओळी सरकवणारा माणूस वक्त्याच्या गतीने जातो. वक्ता मजकूर सोडून चार वाक्ये स्वतःची बोलू लागला, की तो ओळी थांबवतो आणि वक्ता परत येण्याची वाट पाहतो.