एपकॉइन डीएओ

एपकॉइन हे टोकन, म्हणजे ब्लॉकचेन या सामायिक संगणकीय नोंदवहीवरील डिजिटल नाणे, बाळगणाऱ्यांनी आपापसांत मतदान करून चालवलेली विकेंद्रित स्वायत्त संघटना (इंग्रजी लघुरूप डीएओ). 'बोअर्ड एप यॉट क्लब' या माकडांच्या डिजिटल चित्रांच्या संग्रहाभोवती जमलेल्या संग्राहकांतून ती 2022 मध्ये उभी राहिली आणि 2025 मध्ये तिच्याच सभासदांनी मतदान करून ती गुंडाळली. डिजिटल वस्तू जमवणाऱ्यांच्या हाती सामायिक तिजोरी आणि ती खर्च करण्याचा अधिकार देण्याचे जे प्रयोग झाले, त्यांत निधीच्या दृष्टीने हा फार मोठा प्रयोग होता. तो सर्वांच्या डोळ्यांसमोर घडला, म्हणून अभ्यासाला विशेष उपयोगी आहे.

युगा लॅब्स या अमेरिकी कंपनीने एप्रिल 2021 मध्ये कंटाळलेल्या चेहऱ्याच्या माकडांची 10,000 चित्रे इथेरियम या ब्लॉकचेनवर एनएफटीच्या, म्हणजे मालकीची एकमेव डिजिटल नोंद असलेल्या वस्तूच्या, रूपाने विक्रीस काढली. एका चित्राची किंमत 0.08 ईथर (इथेरियमचे चलन) होती. प्रत्येक चित्रातील टोपी, डोळे, केस आणि पार्श्वभूमी यांची जुळणी निराळी होती, आणि चित्र विकत घेणाऱ्यास त्याचा व्यापारी वापर करण्याची मुभा होती. पुढे या मालकांना कुत्र्यांची चित्रे फुकट मिळाली आणि 'म्यूटंट' माकडांचा दुसरा संग्रहही निघाला. चित्राची मालकी म्हणजे मंडळीत प्रवेश, अशी भावना रुजत गेली. मात्र मालकांना सामूहिक निर्णयात कोणताही औपचारिक अधिकार नव्हता. ती उणीव भरून काढण्यासाठी 17 मार्च 2022 रोजी एपकॉइन आले.

टोकनांची एकूण संख्या 100 कोटी ठरवण्यात आली आणि नवी टोकने पाडण्याची सोय ठेवली गेली नाही. त्यांपैकी 62 टक्के समुदायाच्या नावे होती : 15 टक्के चित्रमालकांना थेट वाटण्यासाठी आणि 47 टक्के संघटनेच्या तिजोरीसाठी. उरलेल्यांपैकी 16 टक्के युगा लॅब्स व तिने निवडलेले धर्मादाय कार्य यांना, 14 टक्के आरंभी साह्य करणाऱ्यांना आणि 8 टक्के क्लबच्या चार संस्थापकांना मिळाले. प्रत्येक मूळ माकडामागे 10,094 आणि प्रत्येक म्यूटंटमागे 2,042 टोकने ठरली. जोडीला कुत्रा असल्यास आणखी 856. ही टोकने 90 दिवसांत मागून घ्यायची होती.

या वाटपातील एक घटना बारकाईने पाहण्याजोगी आहे. टोकने देणारा करार, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा संगणकीय कार्यक्रम, फक्त एवढेच तपासत होता की मागणी करणाऱ्याच्या वॉलेटमध्ये (डिजिटल पाकिटात) या क्षणी चित्र आहे का आणि त्या चित्रावर आधी मागणी झाली आहे का. चित्र किती काळापासून बाळगले आहे, हा प्रश्न करार विचारतच नव्हता. पहिल्याच दिवशी एकाने याचा फायदा घेतला. एनएफटीएक्स या व्यवस्थेच्या सामायिक साठ्यात पाच माकडे पडून होती आणि त्यांची टोकने कोणी मागितलेली नव्हती. त्याने फ्लॅश लोन, म्हणजे घेणे आणि फेडणे एकाच व्यवहारात उरकणारे कर्ज, काढून ती पाच माकडे सोडवली, स्वतःजवळच्या एका माकडासह सहा माकडांवर 60,564 टोकने मागून घेतली आणि माकडे लगेच साठ्यात परत केली. कराराचा एकही नियम मोडला गेला नाही. संग्राहकाची निष्ठा मोजायला निघालेल्या यंत्राला क्षणभराचा ताबा आणि वर्षभराचा सांभाळ यांतला फरक ओळखता आला नाही. ही उणीव वाटपापुरती नव्हती. पुढे मतदानातही तीच दिसते.

संघटनेचे कामकाज असे चाले : कोणताही टोकनधारक प्रस्ताव मांडू शके. त्यावर आधी खुली चर्चा होई, मग छाननी होऊन तो 'स्नॅपशॉट' या व्यवस्थेवर मतदानाला जाई. तेथे मत देण्यासाठी वॉलेटची स्वाक्षरी पुरेशी असल्याने गॅस शुल्क, म्हणजे ब्लॉकचेनवर व्यवहार नोंदवण्याचे शुल्क, भरावे लागत नसे. मात्र एका टोकनाला एक मत हे सूत्र होते. महाराष्ट्रातील वाचकाला सहकारी संस्थेची सर्वसाधारण सभा परिचयाची असते. तिथे भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. एपकॉइनच्या संघटनेला समुदाय म्हटले जाई, पण मतांचा हिशेब कंपनीच्या भागधारकांसारखा होता. वर्षानुवर्षे चित्रे जमवणारा एखादा हौशी संग्राहक आणि कालच बाजारातून लाखभर टोकने उचललेला सट्टेबाज यांच्यात नियमांच्या लेखी तोलाचा फरक पडे, आणि तो सट्टेबाजाच्या बाजूने. टोकन बाजारात खुले विकले जात असल्याने मत देण्यासाठी चित्र बाळगण्याची गरजही उरली नव्हती.

निर्णयांची अंमलबजावणी केमन बेटांवर नोंदलेल्या एप फाउंडेशनकडे होती. तिच्यावर पाच सदस्यांची परिषद देखरेख करी. पहिल्या परिषदेत रेडिटचे सहसंस्थापक अ‍ॅलेक्सिस ओहानियन आणि अ‍ॅनिमोका ब्रँड्स या कंपनीचे याट सिउ यांचा समावेश होता. नंतर सदस्य निवडणुकीने येऊ लागले. विकेंद्रित म्हणवणाऱ्या संघटनेलाही करार करायला, पैसे चुकते करायला आणि कायद्यापुढे उभे राहायला कोणीतरी लागतेच.

30 एप्रिल 2022 रोजी युगा लॅब्सने 'अदरसाइड' या आभासी जगातील 55,000 भूखंडांची हक्कपत्रे प्रत्येकी 305 एपकॉइनला विकली. गर्दी एवढी झाली की इथेरियमवरील गॅस शुल्क गगनाला भिडले. कित्येकांना भूखंडाहून शुल्कच महाग पडले, तर काहींचे व्यवहार फसूनही शुल्क गेले. टोकनासाठी स्वतंत्र साखळी (ब्लॉकचेन) हवी, अशी सूचना त्यानंतर कंपनीने केली. संघटनेने मात्र जून 2022 मध्ये तूर्त इथेरियमवरच राहण्याचा कौल निसटत्या बहुमताने दिला. कंपनीच्या इच्छेविरुद्ध सभासद उभे राहू शकतात, हे दाखवणारे हे मतदान संघटनेच्या इतिहासातले सर्वांत जिवंत मतदान म्हणावे लागेल. पुढे वारे फिरले. 2024 मध्ये इथेरियमला जोडलेल्या आर्बिट्रम या जाळ्याच्या तंत्रावर आधारलेली साखळी सभासदांनी निवडली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'एपचेन' सुरू झाली. तिथे गॅस शुल्क एपकॉइनमध्येच भरले जाते.

डिसेंबर 2022 पासून टोकने गुंतवून ठेवून बक्षीस मिळवण्याची योजना चालू झाली. तीत टोकने चित्राशी बांधता येत. चित्र विकले की त्याला बांधलेली टोकनेही नव्या मालकाच्या हाती जात. म्हणून विकण्यापूर्वी ती सोडवून घेणे विक्रेत्याच्या हिताचे असे. ती न सोडवणे म्हणजे घर विकताना कपाटातली रोकड काढायला विसरावे, असा प्रकार होता.

भारतात या टोकनाच्या आगमनानंतर दोनच आठवड्यांनी, 1 एप्रिल 2022 पासून, आभासी डिजिटल मालमत्तेवरील नफ्यावर 30 टक्के कर लागू झाला आणि 1 जुलैपासून हस्तांतरणावर 1 टक्का टीडीएस. एका टोकनातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही. एप्रिल 2022 च्या अखेरीस 25 डॉलरच्या वर गेलेले एपकॉइन 2025 च्या मध्यास एका डॉलरच्याही खाली होते, हे लक्षात घेता येथील धारकांना या तरतुदीचा अर्थ चांगलाच कळला असणार.

तिजोरीतील टोकने अनुदानांवर खर्च होत राहिली. प्रस्ताव अनेक आले आणि मंजूरही झाले, परंतु मतदान करणारी वॉलेट्स धारकांच्या मानाने थोडीच असत, आणि मोठ्या धारकांचा कल कळला की निकालाचा अंदाज येई. प्रस्ताव लिहिण्यात, चर्चेत उत्तरे देण्यात आणि हिशेब तपासण्यात ज्यांनी रात्री घालवल्या, त्यांच्या मेहनतीला मतात वजन नव्हते. या प्रयोगाविषयी सर्वांत मोठी खंत वाटावी ती याच गोष्टीची. जून 2025 मध्ये युगा लॅब्सचे सहसंस्थापक ग्रेग सोलानो यांनी हा कारभार संथ आणि दिखाऊ झाला असल्याचे सांगून संघटना विसर्जित करावी, तिची मालमत्ता 'एपको' या नव्या संस्थेकडे द्यावी आणि त्या संस्थेने एपचेन, बोअर्ड एप व अदरसाइड यांवर लक्ष द्यावे, असा प्रस्ताव मांडला. तो नेहमीच्या पद्धतीने मतदानाला गेला आणि मोठ्या बहुमताने मंजूर झाला. एपकॉइन टोकन बाजारात आणि एपचेनवर चालू राहिले. प्रस्ताव मांडून तिजोरीवर मत देण्याचा धारकांचा अधिकार मात्र तेथे संपला.