पावतीवर प्रश्नचिन्हं का येतात: डेटाबेस क्लायंट लायब्ररीची पार्श्वभूमी

दिवाळी झाली की विदर्भातल्या जिनिंगांसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. भरलेली गाडी काट्यावर चढते, माल खाली करून रिकामी परत येते, दोन वजनांची वजाबाकी संगणकावर होते आणि शेतकऱ्याच्या हातात पावती पडते. पुढचा चुकारा याच पावतीवर व्हायचा असतो. ती छापण्याआधी खिडकीतल्या प्रोग्रामने डेटाबेसला शेतकऱ्याचं खातं विचारलेलं असतं, वजन लिहून ठेवायला सांगितलेलं असतं, पावतीचा पुढचा नंबर मागितलेला असतो. प्रोग्राम एका भाषेत लिहिलेला, डेटाबेस भलत्याच भाषेत. या दोघांत बोलणं घडवून आणणारा तुकडा म्हणजे क्लायंट लायब्ररी. कोणी त्याला ड्रायव्हर म्हणतं, कोणी कनेक्टर. अडत्यासारखंच त्याचं काम: दोन्हीकडची बोली यायला हवी आणि व्यवहारात स्वतः दिसायचं नाही.

तो दिसतो फक्त बिघडल्यावर. ऐन हंगामात कोणीतरी सर्व्हरची नवी आवृत्ती टाकतं आणि सकाळी फोन येतो, "काऊन बा, कालवरी तं चालत होतं!" काल चालत होतं ते आज का चालत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा वीस-पंचवीस वर्षं मागे सापडतं.

एके काळी हा मधला तुकडा नव्हताच. १९९०च्या दशकात तालुक्याच्या गावातली अडत दुकानं, जिनिंग, पतसंस्था डीबेस आणि फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रामांवर चालत. डेटा डीबीएफ फाइलमध्ये, फाइल त्याच संगणकावर आणि प्रोग्राम ती थेट उघडायचा. लाइट गेली की इंडेक्स बिघडायचा, लाइट आली की रिइंडेक्स मारायचा, काम पुढे सुरू. मराठीसाठी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखे फॉन्ट. म्हणजे फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच संकेत आणि पडद्यावर फॉन्टने चढवलेला देवनागरीचा साज. जगभरच्या लिप्यांना एकत्र संकेत देणाऱ्या युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, भारतीय मानक असलेली इस्की संहिताही त्याच वर्षीची. पण काट्याच्या खिडकीपर्यंत यातलं काही यायला बराच काळ गेला.

एका खिडकीच्या दोन झाल्या, ऑफिसात मुनीमजींनाही तोच हिशेब दिसायला हवा झाला, तसा डेटा एका सर्व्हरवर गेला आणि बाकीचे संगणक त्याला विचारू लागले. इथे मधल्या दुव्याची गरज पडली. प्रत्येक डेटाबेसचा दुवा वेगळा असू नये म्हणून मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ओडीबीसी हा सामायिक दुवा आणला, पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत १९९४ पासून टिम बन्स यांचं डीबीआय आकाराला आलं, जावात १९९७ मध्ये जेडीबीसी आलं. पायथनवाल्यांनी १९९९ मध्ये पेप २४९ या दस्तऐवजात ड्रायव्हरने निदान कोणती फंक्शनं द्यायचीच हे ठरवून टाकलं. आपल्याकडच्या छोट्या प्रोग्रामांची गोष्ट मात्र यांच्यापैकी कोणाहीपेक्षा पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस या जोडीने जास्त घडवली.

दोन्ही १९९५ चे. दोन्ही फुकट. पीएचपीमधल्या मायएसक्यूएल एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे या डेटाबेसशी बोलणाऱ्या जोडतुकड्यात, जोडणीचं एक फंक्शन, प्रश्न विचारायचं एक आणि ओळ उचलायचं एक. कॉलेजातल्या पोराला एका दुपारी जमावं इतकं सोपं. झॅम्प नावाचा गठ्ठा विंडोजवर टाकला की सगळं एकदम बसायचं. अशा प्रोग्रामांवर नागपूर-अमरावतीच्या आसपास बऱ्याच लहान धंद्यांचे हिशेब उभे राहिले आणि त्यातले काही अजून चालू आहेत. 'चालू आहे तोवर हात लावायचा नाही' हे धोरण लोक आळशीपणाचं समजतात. मला ते तसं वाटत नाही. हंगामात काटा दोन तास बंद ठेवणं कोणत्याही जिनिंगला परवडत नाही, मग कोण हात लावणार?

या एक्स्टेन्शनला पहिला धक्का २००४ मध्ये बसला. मायएसक्यूएल ४.१ ने पासवर्डचा हॅश, म्हणजे पासवर्डाऐवजी सर्व्हर साठवतो तो त्याचा ठसा, बदलला. आधी तो १६ अक्षरांचा होता, आता ४१ अक्षरांचा झाला. जुनी क्लायंट लायब्ररी नव्या सर्व्हरसमोर उभी राहिली की उत्तर यायचं: सर्व्हरने मागितलेली ओळख पटवायची पद्धत या क्लायंटला येत नाही, क्लायंट बदला. लोकांनी क्लायंट बदलला नाही. जुन्या हॅशसाठी सर्व्हरमध्ये ठेवलेलं ओल्ड_पासवर्ड हे फंक्शन वापरून खात्याचा पासवर्ड पुन्हा जुन्या पद्धतीने लिहिला आणि काम भागवलं. तडजोड म्हणून ठेवलेली ही वाट शेवटी २०१५ च्या ५.७ मध्ये बंद झाली.

त्याच ४.१ मध्ये सर्व्हरला लिपी कळू लागल्या आणि मराठीपुरता खरा घोळ इथून सुरू झाला. मायएसक्यूएल स्वीडनमधल्या कंपनीचं. त्यामुळे नवीन टेबल बनवताना काही सांगितलं नाही तर त्याला लॅटिन१ हा पश्चिम युरोपीय अक्षरसंच आणि स्वीडिश क्रमवारी मिळायची. म्हणजे पांढरकवड्याच्या खातेदारांची यादी सर्व्हरच्या लेखी स्वीडिश मजकूर. जोडणीचा संचही न सांगितल्यास लॅटिन१ च. वेब पानावरून यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या पद्धतीत, 'म' हे अक्षर येतं तेव्हा ते तीन बाइट असतात. लॅटिन१ च्या चष्म्यातून पाहिलं तर ती तीन वेगळी अक्षरं: डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'ए', चलनाचं एक गोल चिन्ह आणि वर्तुळातला 'आर'. सर्व्हर हे तीन तुकडे निमूट ठेवून घेई आणि मागितल्यावर तसेच परत देई. ब्राउझर ते जोडून 'म' दाखवी. सगळं ठीक दिसायचं.

ठीक नव्हतं. नावाचा रकाना ३० चा असेल तर लॅटिन१ मध्ये ते ३० बाइट. 'ज्ञानेश्वर' या नावात जोडाक्षरं, काना, मात्रा आणि हलन्त धरून १० संकेत आहेत, म्हणजे बरोबर ३० बाइट. वडिलांचं नाव आणि आडनाव लिहायला जागाच उरत नाही. ५.७ च्या आधी सर्व्हरचा कडक नियम आपोआप लागू नसे, त्यामुळे उरलेलं नाव बिनबोभाट कापलं जायचं. 'ज्ञानेश्वर' नावाचे चार खातेदार असलेल्या गावात याचा अर्थ काय होतो ते सोसायटीच्या गटसचिवाला विचारा. शिवाय तोच डेटा दुसऱ्या एखाद्या क्लायंटने बरोबर संच सांगून उघडला की पडद्यावर परदेशी अक्षरांची खिचडी. मग कोणीतरी टेबल सरळ यूटीएफ-८ मध्ये बदलायचं आणि खिचडी कायमची मुरायची. बाइट आधी बायनरी प्रकारात नेऊन मग संच लावायचा, हा उपाय ज्यांना माहीत होता त्यांचाच डेटा वाचला.

यावर क्लायंटच्या बाजूने तोडगा होता: जोडणी होताच 'सेट नेम्स' हा जोडणीचा संच सांगणारा आदेश पाठवायचा. तो सगळ्यांनी उचलला, पण त्यातही एक गोम होती. जोडणी तुटली तर मायएसक्यूएलची सी भाषेतली क्लायंट लायब्ररी न सांगता पुन्हा जोडून घ्यायची. ही सोय २००५ मध्ये ५.०.३ पासून आपोआप लागू राहिली नाही, तरी पुष्कळांनी ती मुद्दाम चालू ठेवली. कारण उघड आहे: ते भारनियमनाचे दिवस होते. सर्व्हर इन्व्हर्टरवर, काट्याचा संगणक इन्व्हर्टरवर आणि मधला नेटवर्क स्विच मात्र साध्या प्लगवर. लाइट गेली की स्विच मरायचा, जोडणी तुटायची, लाइट आली की लायब्ररी गुपचूप नवी जोडणी करायची. नव्या जोडणीला 'सेट नेम्स' माहीत नाही. ती पुन्हा लॅटिन१. आता सर्व्हर यूटीएफ-८ च्या टेबलातली देवनागरी लॅटिन१ मध्ये उतरवायला जातो, त्या संचात देवनागरी नाहीच, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. दुपारपर्यंतच्या पावत्या स्वच्छ आणि लाइट जाऊन आल्यानंतरच्या पावत्यांवर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ, वजन आणि भाव मात्र बरोबर. आकडे कोणत्याही संचात तेच राहतात ना. अर्धवट राहिलेला व्यवहारही तुटण्याबरोबर रद्द व्हायचा आणि प्रोग्रामला त्याचा पत्ता नसायचा, ही त्याहून वाईट गोष्ट. पण ती पावतीवर दिसत नसल्याने तिची ओरड कमी झाली. पीएचपीने २००७ मध्ये संच ठरवायचं वेगळं फंक्शन दिलं, त्याने ठरवलेला संच लायब्ररीला स्वतःला कळू लागला. बऱ्याच जुन्या प्रोग्रामांत ते आजही वापरलेलं नाही.

इकडे लायब्ररी सांभाळणाऱ्यांपुढे वेगळाच पेच होता. मायएसक्यूएलने आपल्या सी लायब्ररीचा परवाना एलजीपीएल या सैल प्रकारावरून जीपीएल या कडक प्रकारावर नेला. तो पीएचपीच्या परवान्याशी जुळेना, त्यामुळे २००४ च्या पीएचपी ५ मध्ये ती सोबत देणं बंद झालं. कंपनीने नंतर खुल्या प्रकल्पांसाठी सूट जाहीर केली, पण धडा मिळाला होता. २००९ मध्ये पीएचपी ५.३ सोबत मायएसक्यूएलएनडी आलं, म्हणजे तोच संवाद नव्याने आणि पीएचपीच्याच परवान्याखाली लिहिलेला. वापरणाऱ्याला काही फरक दिसला नाही. ड्रायव्हरच्या इतिहासातली बरीच मोठी कामं अशीच आहेत, यशस्वी झाली तर कोणाच्या लक्षात येत नाहीत.

जुनं एक्स्टेन्शन तोवर म्हातारं झालं होतं. त्यात प्रश्न आणि मूल्य वेगळं पाठवायची सोय नव्हती, प्रोग्रामर नाव थेट वाक्यात चिकटवायचा. नावात अवतरणचिन्ह आलं की वाक्य मोडायचं आणि कोणी मुद्दाम घातलं तर सगळं टेबल हाती लागायचं. युरोपात ओ'ब्रायन नावाचा गिऱ्हाईक आला की ही चूक त्याच दिवशी कळते. आपल्या गावच्या यादीत अवतरणचिन्ह असलेलं नाव कुठून येणार? त्यामुळे असले प्रोग्राम इकडे वर्षानुवर्षं बिनतक्रार चालले. २००४ मध्ये मायएसक्यूएलआय आणि २००५ मध्ये पीडीओ हे दोन नवे मार्ग उपलब्ध असूनही जुना सुटेना. शेवटी २०१३ च्या ५.५ मध्ये पीएचपीने 'हे वापरू नका' अशी सूचना छापायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये ७.० मधून एक्स्टेन्शन काढून टाकलं. पर्याय आल्यापासून अकरा वर्षं. यापेक्षा जास्त मुदत द्यायला हवी होती असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्यांना बदलायचं नव्हतं त्यांनी बावीस वर्षांतही बदललं नसतं.

मग २०१८ मध्ये २००४ चंच नाटक पुन्हा झालं. मायएसक्यूएल ८.० ने ओळख पटवायची पद्धत बदलून कॅशिंग_शा२_पासवर्ड केली आणि अक्षरसंच यूटीएफ८एमबी४. तेव्हाचे पीएचपीचे ड्रायव्हर दोन्हींवर अडखळले. 'सर्व्हरने पाठवलेला संच २५५ ओळखीचा नाही, डेव्हलपरांना कळवा' असा संदेश अनेकांनी पाहिला असेल. २५५ हा नव्या क्रमवारीचा नंबर. पीएचपीत नव्या पद्धतीला पूर्ण आधार २०१९ च्या ७.४ मध्ये आला. लोकांनी पुन्हा खातं जुन्या पद्धतीवर नेलं. झॅम्पवाले मात्र यातून सुटले, कारण २०१५ पासून झॅम्पमध्ये मायएसक्यूएलऐवजी त्याच्यापासूनच फुटून निघालेला मारियाडीबी येतो आणि त्याने तेव्हा हा बदल केला नाही.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसच्या बाजूला गोष्ट अधिक शांतपणे घडली. त्याच्या क्लायंट-सर्व्हर संवादाची तिसरी आवृत्ती २००३ मध्ये पोस्टग्रेस ७.४ सोबत आली आणि दोन दशकांहून जास्त तीच चालली. पायथनसाठीचा सायकॉपजी हा ड्रायव्हर फेदेरिको दि ग्रेगोरियो यांनी २००१ मध्ये सुरू केला, पुढे दानिएले वाराझ्झो यांनी सांभाळला. सायकॉपजी२ इतकं पसरलं की ते मोडणं शक्यच उरलं नाही. त्यात मूल्यं क्लायंटच वाक्यात बसवतो. हे बदलून मूल्यं सर्व्हरकडे वेगळी पाठवायची तर काही जुनी वाक्यं चालणार नाहीत, उदाहरणार्थ यादी देऊन 'यापैकी कोणतंही' असं विचारायची नेहमीची लकब. म्हणून वाराझ्झो यांनी सायकॉपजी२ ला हात न लावता २०२१ मध्ये सायकॉपजी ३ वेगळ्या नावाने आणलं. एकाच प्रोग्राममध्ये दोन्ही शेजारी राहू शकतात आणि जुन्याची डागडुजीही चालू राहिली. पीएचपीने जुनं काढून टाकलं, इथे जुन्यालाही जगू दिलं. दुसरी वाट वापरणाऱ्याला सोयीची, पण तिचं ओझं मोजक्या माणसांच्या डोक्यावर येतं आणि पैसा बहुधा प्रायोजकांकडून जमेल तेवढाच.

पासवर्डचा धक्का पोस्टग्रेसलाही चुकला नाही. स्क्रॅम ही नवी पद्धत २०१७ च्या १० व्या आवृत्तीत आली, पण न सांगता तीच लागू व्हायला २०२१ ची १४ वी आवृत्ती उजाडावी लागली. मधल्या चार वर्षांत ड्रायव्हरांना तयारीला वेळ मिळाला. तरी लिबपीक्यू या पोस्टग्रेसच्या सी लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीवर बांधलेले प्रोग्राम 'ओळख पद्धत १० ला आधार नाही' म्हणत थांबलेच.

आता गावातल्या सेवा सहकारी सोसायट्यांचं चित्र बदलतं आहे. केंद्राने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटींची मंजुरी दिली आणि नाबार्डच्या देखरेखीखालच्या एकाच प्रणालीत त्यांचे हिशेब जात आहेत. म्हणजे सोसायटीपुरता ड्रायव्हर आता गटसचिवाच्या टेबलाखाली राहणार नाही. जिनिंग, अडत आणि खाजगी काट्यांचे प्रोग्राम मात्र आपापल्या संगणकांवरच आहेत. मायएसक्यूएलने एप्रिल २०२४ च्या ८.४ मध्ये जुनी पासवर्ड पद्धत बंद ठेवून पाठवली, जुलैच्या ९.० मध्ये काढूनच टाकली. २०१८ मध्ये ज्यांनी खातं मागे नेऊन वेळ मारून नेली होती, त्यांच्यासाठी ती पळवाट ९.० च्या पुढे नाही.